अठ्ठाविसांतील सत्तावीस

खेळाची आवड आमच्या घराण्यात पूर्वापार चालत आली आहे, असे म्हणण्याचे धाडस आमच्याने होणार नाही. आमचे तीर्थरूप अण्णा यांनी कॉलेजात असताना दोन वर्षे टेनिसची रॅकेट हाती धरली होती, इतकाच काय तो आमचा पूर्वेतिहास. पुढे नोकरी, बदल्या आणि संसार यांच्या धांदलीत ती रॅकेट माळ्यावर गेली आणि तिच्या तारा उंदरांनी कुरतडल्या. आमच्या मातुश्रींचे मत असे की, जो चेंडू पलीकडे पाठविल्याबरोबर परत येतो, तो पाठवावाच कशाला? अशा घरातील आठही माणसे एका जानेवारीत आठवडाभर टेनिसच्या नादी कशी लागली आणि त्या नादात आमच्या पदरात काय पडले, ते आज वाचकांस सांगावयाचे योजिले आहे.

पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसच्या जागतिक मालिकेतील एक स्पर्धा १९९७ पासून २०१७ पर्यंत चेन्नईस भरत असे. २०१८ साली ती पुण्यास आली आणि १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बालेवाडीस जी क्रीडानगरी उभारली होती, तेथे खेळली जाऊ लागली. पहिल्या वर्षी आम्ही केवळ कुतूहलापोटी अंतिम सामना पाहावयास गेलो. फ्रान्सचा जिल सिमॉं आणि दक्षिण आफ्रिकेचा केव्हिन अँडरसन यांचा तो सामना. अँडरसन सहा फूट आठ इंच उंचीचा, सिमॉं त्याच्यापुढे अगदीच किरकोळ दिसे. तथापि सिमॉंने ७-६, ६-२ असा सरळ विजय मिळविला. बक्षीस-समारंभात सारे कॅमेरे विजेत्याकडे वळले होते आणि तो प्रचंड उंचीचा मनुष्य उपविजेत्याची थाळी हातात घेऊन एका कडेला उभा होता. घरी परतताना अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. औंध ओलांडल्यावर मात्र एकाएकी म्हणाले, “हा पुढच्या वर्षी येईल का रे?”

अण्णांचा हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नव्हता. या खेळाचा हिशेब मोठा कठोर असतो. स्पर्धेत मिळविलेले गुण खेळाडूच्या खात्यावर बावन्न आठवडेच राहतात. पुढल्या वर्षी तोच आठवडा उगवला की गेल्या वर्षीचे गुण गळून पडतात, आणि ते नव्याने कमवावे लागतात. पुण्याच्या विजेत्यास तेव्हा २५० गुण मिळत, उपविजेत्यास १५०. म्हणजे मागल्या वर्षी जो शेवटापर्यंत पोहोचला, त्यालाच या वर्षी घसरण्याचे भय अधिक! आमच्या सावकारी व्यवहारातही इतकी कडक मुदत कोणी घातली नसेल.

त्या वर्षाच्या मध्यावर आमच्या घरावर एक छोटेसे मळभ आले. आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा, ज्याला चोविसावे वर्ष लागले तरी घरात अद्याप सारे बाळच म्हणतात, तो सी. ए. च्या अंतिम परीक्षेस बसला होता. जुलैत निकाल लागला आणि तो दुसऱ्यांदा अनुत्तीर्ण झाला. त्याने नोव्हेंबरच्या परीक्षेचा फॉर्मच भरला नाही. कोणी त्यास रागावले नाही. रागावले असते तर कदाचित बरे झाले असते. आमच्यासारख्या घरांत अपयशाला शिक्षा देण्याची एक फार सभ्य रीत आहे. सर्वजण त्याच्याशी हळू आवाजात बोलू लागतात. जेवणाच्या वेळी परीक्षा हा शब्द वर्ज्य होतो. वहिनी ताटात न मागता तूप अधिक वाढू लागतात. बाळ जेवून उठे, आपल्या खोलीत जाई आणि दार लावून घेई.

आमचा स्वतःचा अपराधही येथे नमूद केला पाहिजे. डिसेंबरात एका नातलगाच्या घरी लग्न होते. पंगतीपूर्वी एका गृहस्थांनी सहज विचारले, “तुमचा पुतण्या सी. ए. झाला ना?” आम्ही आवाज खाली घेतला, “चालला आहे त्याचा अभ्यास” असे काहीतरी पुटपुटलो आणि त्यांच्या नव्या फ्लॅटची चौकशी आरंभिली. मागे वळून पाहतो तो बाळ सरबताचे पेले असलेला ट्रे हातात धरून उभा! त्याने गृहस्थांस पेला दिला, आम्हांस दिला, आणि पुढे गेला. त्या सरबताची चव आम्हांस आजही आठवते.

असो. ३० डिसेंबरच्या सायंकाळी अण्णांनी सर्वांस दिवाणखान्यात बोलाविले. दुसऱ्या दिवशी पुण्याची स्पर्धा सुरू व्हावयाची होती. अण्णांनी वर्तमानपत्रावरून अठ्ठावीस चिठ्ठ्या तयार केल्या होत्या आणि त्या देवघरातील पितळी वाटीत ठेवल्या होत्या. “एकेरीत अठ्ठावीस खेळाडू आहेत, घरात माणसे आठ. चार जणांना चार-चार, चार जणांना तीन-तीन. ज्याच्या वाट्याला जो येईल, तो त्याचा. हरेपर्यंत त्याच्याकडे लक्ष ठेवायचे.” हरेपर्यंत हा शब्द त्यांनी मुद्दाम वापरला की सहज निघून गेला, हे आम्हांस अद्याप ठरविता आलेले नाही.

अठ्ठावीस हा आकडा वाचकांस विचित्र वाटेल. बत्तीस असते तर सरळ निम्मे-निम्मे होत गेले असते. परंतु पहिल्या चार मानांकितांस पहिली फेरी खेळावी लागत नाही, ते थेट दुसऱ्या फेरीत येतात. उरलेल्या चोविसांत चार जण पात्रता फेरीचे सामने जिंकून आलेले असतात आणि तिघांस संयोजक आपल्या मर्जीने प्रवेश देतात, ज्यास वाइल्ड कार्ड म्हणतात. याखेरीज एखादा खेळाडू आयत्या वेळी दुखापतीने गळाला, तर पात्रता फेरीत हरलेल्यांतूनच एकाची वर्णी लागते. त्यास ‘लकी लूजर’, म्हणजे भाग्यवान पराभूत, असे अधिकृत नाव आहे. हे नाव ऐकून अण्णा इतके हसले की त्यांस ठसका लागला.

चिठ्ठ्या उघडल्या. मातुश्रींस अँडरसन मिळाला. “गेल्या वर्षीचा तो उंच मुलगा ना? पुन्हा आला बिचारा!” असे त्या म्हणाल्या. तो या वेळी पहिला मानांकित होता आणि २०१८ च्या विंबल्डनच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला होता, हे सांगूनही त्यांचा बिचारा शब्द काही सुटला नाही. आमच्या सौभाग्यवतींच्या चिठ्ठीत दुसरा मानांकित कोरियाचा चुंग ह्योन निघाला, ज्याने वर्षापूर्वी ऑस्ट्रेलियन स्पर्धेत जोकोविचला हरवून उपान्त्य फेरी गाठली होती. अण्णांच्या वाट्यास ‘पात्रता फेरीतून येणारा’ अशा दोन चिठ्ठ्या आल्या, ज्यांवर अद्याप नावेच नव्हती. बाळास दारातून ओढून आणावे लागले. त्याने न बसताच चिठ्ठ्या उचलल्या. त्यांतील एकीवर क्रोएशियाच्या इव्हो कार्लोविचचे नाव होते.

“हा कोण?” आमच्या कन्येने विचारले.

“म्हातारा आहे,” बाळ म्हणाला, “एकोणचाळीस वर्षांचा.” आणि चिठ्ठी खिशात घालून तो निघून गेला.

मग तो आठवडा सुरू झाला. चेंडू कोठे पडला यापेक्षा आपला कोण उरला, हाच घरातील मुख्य प्रश्न झाला. ज्यांनी कधी अशी स्पर्धा मनापासून पाहिली नसेल, त्यांस तिची खरी जात कळावयाची नाही. स्पर्धा जिंकण्यासाठी भरते, असे आपण समजतो. वस्तुतः ती हरण्यासाठी भरते. पहिल्या फेरीत बारा जण जातात, दुसरीत आठ, मग चार, मग दोन, आणि शेवटी एक. अठ्ठाविसांपैकी सत्तावीस जणांचा त्या आठवड्याचा शेवट पराभवातच होतो. सौभाग्यवतींचा चुंग आपल्या पहिल्याच सामन्यात लाटव्हियाच्या गुल्बिसकडून हरला, तेव्हा त्यांनी रात्रीच्या भाजीत मीठ घातले नाही, आणि ते कोणी बोलूनही दाखविले नाही. भारताचा एकही खेळाडू एकेरीच्या उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत टिकला नाही. अण्णांचे दोघे अनामिक नाव धारण करताच एकेक करून नाहीसे झाले.

मधल्या एका दिवशी आम्ही अण्णांसह बालेवाडीस गेलो होतो. संध्याकाळी परत निघताना मागल्या बाजूच्या सरावाच्या कोर्टावर दिवे दिसले. दुपारीच हरलेला एक खेळाडू तेथे चेंडूंची टोपली घेऊन एकटाच सर्व्हिस करीत होता. टोपली रिकामी झाली की पलीकडे जाऊन चेंडू गोळा करी, आणि पुन्हा सुरुवात. पाहावयास कोणी नव्हते. अण्णा जाळीस हात लावून दहा मिनिटे उभे राहिले. “याला सोमवारी दुसऱ्या गावी खेळायचे असेल,” इतकेच ते म्हणाले.

इकडे कार्लोविच मात्र हरत नव्हता. सहा फूट अकरा इंचांचा तो मनुष्य सर्व्हिस करू लागला म्हणजे चेंडू एखाद्या माडीवरून फेकल्यासारखा खाली येई. बुधवारी रात्री जेवताना बाळाने आपण होऊन तोंड उघडले. अनेक महिन्यांत त्याचे सलग दोन वाक्यांहून अधिक बोलणे आम्ही ऐकले नव्हते. “अण्णा, तुम्हांला ठाऊक आहे? २००३ साली हा पात्रता फेरीतून विंबल्डनला आला आणि पहिल्याच फेरीत त्याने गतविजेत्या ह्युइटला हरवले. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता.”

“मग लगेच मोठा झाला असेल,” अण्णा म्हणाले.

“छे! पहिले विजेतेपद मिळाले ते २००७ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी.”

वहिनींनी आमटीची पळी हवेतच धरली होती. कोणी काही बोलले नाही, पण त्या रात्री बाळाच्या खोलीचे दार उघडे राहिले.

उपान्त्य फेरीत कार्लोविचने बेल्जियमच्या स्टीव्ह डार्सिसला नमविले. हा डार्सिस म्हणजे २०१३ साली विंबल्डनच्या पहिल्या फेरीत नदालला हरविणारा गृहस्थ. दुखापतीने दीर्घकाळ घरी बसून तो पुण्यास नव्याने सुरुवात करण्यासाठी आला होता. दुसरीकडे मातुश्रींच्या अँडरसनने सिमॉंला हरवून मागल्या वर्षीची फेड केली. म्हणजे अंतिम सामना आजीच्या आणि नातवाच्या चिठ्ठीत ठरला.

शनिवारी, ५ जानेवारी २०१९ रोजी, आठहीजण बालेवाडीस निघालो. मातुश्रींनी दशम्यांचा आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेतला होता. बाहेरचे खाद्य आत नेता येत नसल्यामुळे तो गाडीतच ठेवावा लागला, आणि सामना संपेपर्यंत त्यांचे अर्धे लक्ष त्या डब्यात होते.

त्या सामन्याचे वर्णन करावयाचे तर ते फार थोडक्यात होईल. दोघेही आपापल्या सर्व्हिसवर अभेद्य. बिनतोड सर्व्हिस एकामागून एक पडत होत्या आणि प्रेक्षकांस मान वळविण्याचीही उसंत नव्हती. सहा-सहा असा गेमचा हिशेब झाला म्हणजे टायब्रेक खेळतात. त्यात दोन गुणांच्या अंतराने जो प्रथम सातावर पोहोचेल, त्याचा सेट. पहिला सेट टायब्रेकमध्ये अँडरसनने घेतला, दुसरा टायब्रेकमध्येच कार्लोविचने, आणि तिसराही टायब्रेकवरच आला. १९७७ साली हाँगकाँगला केन रोझवॉल त्रेचाळिसाव्या वर्षी अंतिम सामना खेळला होता, त्यानंतर इतक्या वयाचा मनुष्य या मालिकेच्या अंतिम सामन्यात उतरला नव्हता. बाळ पुढच्या खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात घट्ट धरून बसला होता. मातुश्री आपल्या चिठ्ठीतील खेळाडूस विसरून, “घे रे बाबा, तू घे एकदाचा,” असे कार्लोविचला विनवीत होत्या. शेवटचा टायब्रेक ७-५ असा अँडरसनने जिंकला. अवघे दोन गुण!

गेल्या वर्षी थाळी हातात घेऊन कडेला उभा राहिलेला अँडरसन आज मध्यभागी उभा होता. आणि कडेला, त्याच थाळीसह, कार्लोविच. त्याचे नाव पुकारले तेव्हा अण्णा काठीवर भार देऊन उठले आणि टाळ्या वाजवू लागले. पाठोपाठ बाळ उठला, आम्ही उठलो, आणि पाहतो तो अवघे प्रेक्षागार उभे! विजेत्यासाठी झाला त्याहून तो गजर कमी खासच नव्हता. टाळ्या वाजविता वाजविता आमची नजर शेजारी उभ्या असलेल्या पुतण्याकडे गेली आणि आमचे हात थबकले. झाग्रेबच्या एका परक्या मनुष्याच्या पराभवासाठी आम्ही उभे राहून सर्वांदेखत टाळ्या वाजवीत होतो. आणि स्वतःच्या घरच्या मुलाविषयी बोलताना, महिन्याभरापूर्वी, आम्ही आवाज खाली घेतला होता.

त्याच दिवशी दुहेरीचे विजेतेपद रोहन बोपण्णा आणि दिविज शरण या आपल्या जोडीने मिळविले, त्यामुळे परतताना गाडीत आनंदीआनंद होता. डबा उघडला गेला. आम्ही मात्र गप्प होतो.

रात्री आम्ही बाळाच्या खोलीत गेलो. पुतण्याची क्षमा कशी मागावी, याचे शिक्षण आमच्या पिढीस कोणी दिलेले नाही. “त्या दिवशी लग्नात आमचे चुकले,” एवढेच म्हणता आले.

तो काही वेळ चिठ्ठीची घडी घालीत राहिला. मग म्हणाला, “काका, तुम्ही त्यांना खरे सांगितले नाही, याचे मला काही वाटले नाही. पण तुम्ही आवाज खाली घेतलात, त्याचे वाटले.”

त्या वाक्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही.

येथेच थांबलो तर वाचकांचा असा समज होईल की, त्या सामन्याने आमच्या घरात चमत्कार घडविला. तसे काही झाले नाही. बाळाने पुढल्या परीक्षेचा फॉर्म भरला खरा, परंतु त्या खेपेस एकच ग्रुप सुटला. दुसऱ्यात तो पुन्हा अडकला. फरक इतकाच की, या वेळी जेवताना त्याचे गुण मोठ्याने सांगितले गेले, अण्णांनी कोणता विषय अडला ते विचारले, आणि तूप सर्वांना सारखे वाढले गेले. कार्लोविचलाही पुढे कधी अंतिम फेरी लाभली नाही. पुण्याचे ते दोन गुण त्यास परत मिळालेच नाहीत. आज हरला तो उद्या जिंकेल, हे आश्वासन खेळ कोणासही देत नाही. तो फक्त सोमवारी दुसऱ्या गावी पुन्हा उतरू देतो. कधी त्यातून बोपण्णासारखा योग येतो. २०१९ साली आम्ही त्यास अडतिसाव्या वर्षी पुण्यात जिंकताना पाहिले, तेव्हा त्याची कारकीर्द उतरणीस लागली असे जाणते लोक म्हणत होते; आणि २०२४ च्या जानेवारीत, त्रेचाळिसाव्या वर्षी, त्याने ऑस्ट्रेलियन स्पर्धेचे पुरुष दुहेरीचे विजेतेपद मिळविले. परंतु असे योग थोड्यांच्याच कपाळी असतात, आणि ते नसलेल्यांनाही खेळावे लागतेच.

२०२० साली पुण्याची स्पर्धा फेब्रुवारीत झाली. उपान्त्यपूर्व आणि उपान्त्य, दोन्ही सामन्यांत पराभवाच्या शेवटच्या गुणावरून परतलेला चेक प्रजासत्ताकाचा यिरी व्हेसेली ती स्पर्धा जिंकला. तो अण्णांच्या चिठ्ठीत होता. त्यांच्या वाट्यास विजेता आला तो तेवढ्याच वेळी. त्या वर्षीच्या भाद्रपदात अण्णा गेले. २०२१ च्या फेब्रुवारीत बाळाचा उरलेला ग्रुप सुटला. निकाल कळताच त्याने पहिला पेढा देवापुढे ठेवला आणि दुसरा अण्णांच्या आरामखुर्चीच्या हातावर. तो दिवसभर तेथे तसाच होता.

त्या साली स्पर्धा भरलीच नाही. पुढे ती आणखी दोनदा पुण्यास झाली, आणि २०२३ नंतर पुण्यास आली नाही. त्या शेवटच्या वर्षी चिठ्ठ्या बाळाने केल्या आणि आमच्या कन्येच्या वाट्यास मानस धामणे आला. पुण्याचाच, वय अवघे पंधरा, वाइल्ड कार्डवर आलेला. त्याचा पहिला सामना अमेरिकेच्या मायकेल मो याच्याशी होता. आम्ही तिघे पाहावयास गेलो. मुलगा निर्भयपणे खेळला, काही फटके तर असे मारले की समोरच्यानेही मान डोलवावी. परंतु वय आणि बळ यांचा हिशेब चुकत नाही. तो ६-२, ६-४ असा हरला आणि आपली पिशवी खांद्यास लावून निघाला.

बाळ उठून उभा राहिला आणि जोरजोराने टाळ्या वाजवू लागला. आमची कन्या थोडी संकोचली. आजूबाजूचे लोक पाहत होते.

“दादा, तो हरला आहे,” ती हळूच म्हणाली, “आणि इतक्या मोठ्याने कशाला?”

“तो आता आत निघून जाईल,” बाळ म्हणाला, “त्याच्या आधी त्याला ऐकू गेले पाहिजे.”

आम्हीही उठलो.